उत्तरेच्या किनाऱ्यावरून (लेखांक चौथा) : रिसोरची दुकानदारी

शुक्रवार, रिसोर

ओस्लोहून नैर्ऋत्येला गाडीनं साधारण तीन तासांवर, स्कागेराक समुद्राच्या काठी रिसोर आहे. बंदराला वळसा घालणारी पांढऱ्या लाकडी घरांची रांग ही गावाची ओळख. १८६१ च्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला. १६४७ चं चर्च आणि काही घरं वाचली, बाकीचं गाव लाकूडव्यापार आणि शिडाच्या जहाजांच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं. जहाजमालकांच्या त्या घरांच्या तळमजल्यांवर आता दुकानं आहेत.

नॉर्वेतल्या किराण्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त धंदा तीन मोठ्या गटांकडे आहे. दूध-ब्रेड-बटाटे त्यांच्याकडूनच घ्यायचे. मग एवढ्याशा गावात एकट्यादुकट्या मालकाचं दुकान चालतं तरी कशावर, हे या मुक्कामात बघायचं ठरवलं होतं.

सोबत आलेल्या ताईनं मात्र तिचं ठरवून टाकलं होतं. "आधी मासळी. बाकीचं नंतर." रत्नागिरीत संसार केलेली बाई; कल्ला उघडून लालसर दिसल्याशिवाय बटव्याला हात लावत नाही. इथं धक्क्यालगतच्या दुकानात सगळा माल काचेमागे बर्फावर. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा थोरला चुलतभाऊ. शिवाय कॉड, सॅमन आणि उकडलेल्या कोळंबीचा ढीग. "हात लावू देत नाहीत म्हणजे यांचं कुठंतरी पाणी मुरतंय," ताई मराठीत पुटपुटली. काउंटरवरच्या मुलीला शब्द कळले नसले तरी चेहरा कळला असावा. तिनं चिमट्यानं एक कोळंबी उचलून ताईच्या हातावर ठेवली.

ताईनं ती उलटसुलट केली. शेपटी आत घट्ट वळलेली, सालीवर चमक, पोटाखाली निळसर हिरवी गाभोळी. "ताजी आहे. अर्धा किलो घे." थंड, खोल पाण्यातली ही जात कच्चीसुद्धा गुलाबी-लाल असते. ती बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडतात, म्हणून धक्क्यावर येते ती खायला तयार होऊन. हिची आणखी एक गंमत म्हणजे ती आयुष्याची सुरुवात नर म्हणून करते आणि काही वर्षांनी मादी होते. गाभोळीची ही मोठी कोळंबी कधीकाळी नर होती, हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "शहाणपण यायला वेळ लागतोच."

पैसे दिले ते दोनशे क्रोनरच्या नोटेनं, जिच्यावर कॉड माशाचं चित्र आहे. २०१७ पासून आलेल्या नोटांच्या मालिकेचा विषयच समुद्र. एका क्रोनरला आठ-नऊ रुपये. तो गुणाकार त्याच वेळी केला असता तर घास गिळला नसता, म्हणून हिशेब संध्याकाळवर ढकलला. बंदरातल्या बाकावर बसून, हातानं सोलून, पांढऱ्या ब्रेडवर मेयोनेज आणि लिंबू पिळून खाल्ली. ताईनं पिशवीतून लसणीची चटणी काढली. नॉर्वेजियन पद्धतीत ती बसत नाही, पण लागली झकास.

शनिवार, रिसोर

जुलैत इथं 'विल्विन' नावाचा हस्तकलेचा बाजार भरतो. मातीची भांडी, काच, लाकूड, लोकर, चांदी, आणि ठेल्यामागे ती वस्तू करणारा माणूस स्वतः.

एका कुंभारणीकडे राखाडी-निळ्या झिलईचे वाडगे होते. एक उचलून पाहिला तर तळाशी, कडेला तीन ठिकाणी झिलईच नाही. विचारल्यावर तिनं तो हातात घेतला आणि आपली बोटं नेमकी त्या तीन जागांवर टेकवली. झिलईच्या बादलीत बुडवताना तिथं धरलेला असतो, तेवढी माती कोरी राहते. बोटांच्या खुणा पुसून टाकणारेही असतात, ही मुद्दाम ठेवते. मला तो वाडगा घ्यायला एवढं पुरलं.

"दोन घेतले तर?" ताईनं इंग्रजीत विचारलं. कुंभारीण हसली आणि चिठ्ठीवरच्या किमतीकडे बोट दाखवलं. घासाघीस इथं चालत नाही, आणि का चालत नाही ते संध्याकाळी बिलं मांडल्यावर उमगलं. सर्वसाधारण वस्तूंवर पंचवीस टक्के कर आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणजे शंभर क्रोनरच्या वाडग्यातले वीस सरकारकडे जातात. उरलेल्या ऐंशीत माती, भट्टीची वीज, ठेल्याचं भाडं आणि तिची मजुरी. त्यातून सूट द्यायची म्हणजे मजुरीलाच हात घालायचा. खाण्याच्या जिनसांवर पंधरा टक्के, म्हणून कालच्या कोळंबीवर सरकारनं जरा दया दाखवली होती.

लोकरीच्या ठेल्यावर काळ्यावर पांढरे ठिपके आणि गळ्याशी धातूचे आकडे असलेले जाडजूड स्वेटर टांगले होते. हा सेतेस्दाल खोऱ्याचा नमुना, आणि ते खोरं याच आग्देर प्रांतात आहे. पर्यटकांच्या दुकानांत दिसणारा लाल-पांढरा-निळा 'मारियुस' स्वेटर उन सोइलान्द दाले या बाईंनी १९५३ मध्ये याच परंपरेवरून घडवला. ताईनं बाही उलटी करून आतले धागे तपासले, मान डोलावली, किंमत वाचली आणि बाही सुलटी करून ठेवली.

संध्याकाळी किराण्याच्या दुकानात बिअरच्या कपाटावर पडदा ओढलेला. शनिवारी सहानंतर ती विकता येत नाही. वाईन आणि त्याहून कडक काही हवं असेल तर १९२२ पासून सरकारी दुकान, आणि ते त्याआधीच बंद झालेलं असतं.

रविवार, रिसोर

बहुतेक दुकानं बंद. रविवारी दुकान उघडायला कायद्यानं मनाई आहे. सवलत आहे ती शंभर चौरस मीटरपर्यंतच्या किराणा दुकानांना, पेट्रोलपंपांना आणि पर्यटनस्थळ म्हणून ठरवलेल्या गावांना. छोट्या दुकानाच्या या सवलतीला लोक सिल्विया ब्रुस्टाड या माजी मंत्रीणबाईंच्या नावानं ओळखतात.

आम्ही डोंगरउतारावरचा पांढरा फासलेला खडक बघायला गेलो. दर्यावर्दींना लांबून गाव ओळखता यावं म्हणून तो शतकानुशतकं रंगवतात. परतताना रस्त्याकडेला मांडलेल्या टेबलावर स्ट्रॉबेरीचे खोके होते. विक्रेता कोणी नाही, फक्त पाटीवर किंमत आणि व्हिप्सचा नंबर. २०१५ साली आलेलं हे मोबाइलवरून पैसे देण्याचं अ‍ॅप इथल्या फोन आणि बँकखात्याशिवाय चालत नाही. रोखीचा हक्क २०२४ मध्ये कायद्यानं आणखी पक्का केला, पण जिथं विक्रेताच नाही तिथं तो लागू नाही. मागून आलेल्या एका आजोबांनी आपल्या फोनवरून पैसे भरले, आमच्याकडून मधे भोक असलेली पाच क्रोनरची नाणी मोजून घेतली आणि "स्ट्रॉबेरी आजच खा, उद्या नाही" असं बजावून गेले.

सोमवार, त्वेदेस्त्रांद

बसनं शेजारच्या गावी. खोल आत शिरलेल्या खाडीच्या टोकाशी, चढावर वसलेलं त्वेदेस्त्रांद २००३ पासून पुस्तकांचं गाव आहे. जुन्या पुस्तकांची दुकानं चढणीच्या गल्लीबोळांत विखुरलेली. इस्त्रीच्या आकाराचं एक निमुळतं घर आहे, त्याचे फोटो सगळेच काढतात.

नॉर्वेतलं पहिलं पुस्तकगाव पश्चिमेकडचं फ्यार्लांद, १९९५ चं. या साऱ्यांचं मूळ वेल्समधलं हे-ऑन-वाय. आपल्या भिलारची प्रेरणाही तीच. फरक असा की मे २०१७ पासून भिलारला घराघरांत पुस्तकं वाचायला ठेवली आहेत, विकायला नाहीत. त्वेदेस्त्रांदला पुस्तक विकून दुकानाचं भाडं निघावं लागतं. पर्यटक भिलारला दुपारभर वाचत बसतो आणि गाव त्याला जेवू घालतं. इथं तो पिशवी भरून निघतो. दोन्हीकडे पुस्तक हे गावात माणूस आणायचं निमित्त आहे.

इथल्या पुस्तकवाल्यांना काही गोष्टींचा आधार आहे. छापील पुस्तकावर ग्राहकाला कर शून्य. नव्या पुस्तकाची किंमत ठरावीक काळ सगळीकडे बांधलेली, त्यामुळे मोठी साखळी पहिल्याच आठवड्यात भाव पाडून छोट्याला मारू शकत नाही. १९६५ पासून सरकार नव्या साहित्याच्या प्रती वाचनालयांसाठी विकतही घेतं.

आम्ही शिरलो त्या दुकानात हाम्सुन आणि उन्दसेत यांचे संच कातडी बांधणीत धूळ खात होते. गर्दी होती ती रहस्यकथांच्या आणि जुन्या सागरी नकाशांच्या कपाटापाशी. ताई एका खोक्यावर वाकली ती अर्धा तास उठलीच नाही. विणकामाच्या नमुन्यांच्या जुन्या पुस्तिका. भाषा नॉर्वेजियन, पण नमुना चौकटीच्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खुणांत मांडलेला, त्यामुळे अडत काहीच नव्हतं. शनिवारी ठेवून दिलेल्या स्वेटरचा नमुना तिला तिथं सापडला, स्वेटरच्या किमतीच्या चिल्लरीत. आता हिवाळ्यापर्यंत घरात दुसरं काही होणार नाही.

मंगळवार, रिसोर

निघण्यापूर्वी वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात चक्कर. अशी दुकानं बहुधा मिशनसारख्या संस्था चालवतात आणि काउंटरवर निवृत्त मंडळी बिनपगारी उभी असतात. कोपऱ्यात कॉफी आणि बदामाच्या आकाराच्या पाकळ्यांचे वॅफल. फळीवर जवळच्याच पोर्सग्रुनच्या, १८८५ साली सुरू झालेल्या कारखान्याच्या कप-बश्या. कमळाच्या पाकळ्यांचं कात्रिनेहोल्मचं मिनाकारी पातेलं मात्र कुलपातल्या काचकपाटात, कारण त्याला जगभर संग्राहक आहेत. गंमत म्हणजे भांड्याचा आकार घडवणाऱ्या ग्रेते प्रिट्झ कित्तेल्सेन यांना आर्ने क्लाउसेन यांचं ते कमळ पसंत नव्हतं. खपलं ते कमळामुळेच.

शुक्रवारी पडलेल्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. एकट्याचं दुकान टिकतं ते साखळीकडे नसलेला माल विकून: आज उतरलेली मासळी, हातानं केलेला वाडगा, छपाई बंद झालेली पुस्तिका. त्यातही उन्हाळ्याचे पाहुणे हवेत, मजुरीची लाज न बाळगणारी किंमत हवी आणि थोडा कायद्याचा टेकू हवा. स्वस्ताई शोधणाऱ्यानं या किनाऱ्याला येऊ नये.

येणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुलैत या, खरेदी शनिवारी दुपारपर्यंत आटपा, कार्ड आणि थोडी नाणी दोन्ही ठेवा, भाव करू नका. चुंबकं आणि ट्रोलच्या बाहुल्या घेण्याआधी त्या कुठं बनल्या ते उलटून वाचा. पुढचा लेखांक ग्रिमस्टाडहून, जिथं तरुण इब्सेन औषधाच्या दुकानात उमेदवारी करत होता.