टाकायचं कशाला?

आमच्या पिढीच्या घरांत रिकामी वस्तू टाकून द्यायची रीत नव्हती. फाटक्या पोत्याचं बसकूर व्हायचं, विरलेल्या धोतराची दुपटी व्हायची, सायकलच्या ट्यूबची वादी व्हायची. त्यात फवारणीच्या औषधाचा डबा म्हणजे ठेवणीतली चीज. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, उंदराला दाद न देणारा. रानात रिकामा झालेला डबा घरी आला की आज्जी तो राखेनं घासायची, उन्हात पालथा घालायची आणि त्यात दोडक्याचं, घेवड्याचं बी भरून ठेवायची. त्याहून लहान डबा रॉकेलचं माप व्हायचा, मोठ्याला तारेची कडी लागून तो गोठ्यात जायचा. डब्यावर वर कवटी आणि खाली लाल त्रिकोण असायचा. जहाल विषाची ती खूण. घासून घासून तो रंग निघाला की डबा स्वच्छ झाला, असं सगळं घर धरून चालायचं. कुणी कुरकुरलंच तर आज्जी म्हणायची, "चांगला डबा टाकायचा कशाला?"

बीएचसी या कीटकनाशकाची पावडर तर घरातलीच होऊन गेली होती. आधी कणगीत राख आणि कडुलिंबाचा पाला असायचा, तिथं ही आली. रानात ती फडक्यात बांधून काठीनं ठोकत धुरळायची. मूठभर उरली की बाजेच्या सांध्यांत ढेकणांसाठी, खुराड्यात पिसवांसाठी, आणि हे आठवून आता पोटात कालवतं, पोरींच्या केसांत उवांसाठी. डोक्याला फडकं बांधून पोरी ओळीनं सोप्यात बसायच्या. वास नाकात बसायचा. "काय हुत न्हाई," काकी म्हणायची आणि पुढचं डोकं धरायची. 1997 साली बीएचसीवर बंदी आली. माळ्यावरचं अर्धं पोतं मात्र संपेपर्यंत वापरलं. पैसे मोजले होते, टाकायचं कशाला?

आणि तो पितळी पंप! दिवाळीला चिंचेनं घासून त्याला कुंकू लावायचो, इतका त्याचा मान. बादलीत औषध कालवायला काठी सापडली तर काठी, नाहीतर हात, कोपरापर्यंत. नोझल चोंदलं की आबा ते पिळून काढायचे, तोंडात धरायचे, जोरात फुंकायचे, धोतराच्या सोग्याला पुसून परत बसवायचे. त्याच बोटांनी मग तंबाखू मळायची, त्याच हातानं बांधावर भाकरी मोडायची. संध्याकाळी डोकं धरायचं, तोंडाला पाणी सुटायचं, दरदरून घाम यायचा. ऊन लागलं म्हणायचं, पित्त खवळलं म्हणायचं. ताक प्यायचं, गुळाचा खडा चघळायचा. काकी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची.

ऊन नव्हतं ते. आपल्या शरीरात कोलिनएस्टरेज नावाचा एक घटक असतो. नसेकडून स्नायूला गेलेला निरोप पोचला, की तो मिटवायचं काम त्याचं. फॉस्फरसवर्गी कीटकनाशकं नेमकं त्यालाच धरून ठेवतात. मग निरोप मिटतच नाही. लाळ गळते, स्नायू उडतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास अडतो. आणि ते जायला तोंडच लागतं असं नाही, घामेजल्या कातडीतूनही जातं. नाकाला बांधलेल्या टॉवेलाचा उपयोग तो केवढासा! कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला, असा माणूस वेळेत पोचला तर ॲट्रोपिनवर निभावतो. पण रोज थोडंथोडं पोटात जाणारं घेऊन दवाखान्याची पायरी कोण चढणार?

बायकांचं तर कुणी धरलंच नाही. पंप पुरुषाच्या पाठीवर, म्हणून विषाचा त्रासही त्याचाच, असा हिशेब. पण पंपाला पाणी बाया आणायच्या. फवारलेल्या सरीत दुसऱ्याच दिवशी भांगलणीला बाया बसायच्या, अनवाणी, पाल्याशी तोंड. औषधानं भिजलेला सदरा ओढ्यावर त्याच आपटायच्या, पोरांच्या कपड्यांत मिसळून. उसाच्या सरीत फोरेटचे दाणे कितीक जणींनी ओच्यातून, उघड्या हातानं टाकले. 2002 साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा तर घरोघर धांदल. फोरेट 2020च्या अखेरीस बंद झालं. त्या हातांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, याची आम्हाला आजही चीड येते.

कीटकनाशकांचा कायदा 1968 सालचा, म्हणजे आमच्यातल्या कित्येकांच्या वयाचा. डब्यासोबत घडीचा कागद यायचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा. तो कोण वाचणार? दुकानदार सांगेल ते प्रमाण, वर आपल्या मनाचं एक टोपण. 2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापूस फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पेपर चावडीवर मोठ्यानं वाचला गेला. डोक्याएवढ्या कपाशीवर वर नळी धरून फवारलं, ते तोंडावर आलं, हे ऐकताना आबांच्या वयाची माणसं खाली बघत राहिली. आमचा ऊस तर त्याहून उंच.

आता आमच्या घरात रिकामा डबा आला की तो तीनदा खळबळून, धुणं पंपातच ओतून, पहारीनं भोक पाडायचं. आत्ती अजून हळहळते, "चांगला डबा फोडला गं!" पण भांगलणीच्या बायांची टोळी गाडीतून उतरली की सरीत शिरत नाही. आधी बांधावरून विचारते, "काल काय मारलंय?" मालक चाचरला की खुरपी परत पिशवीत. "मग परवा येतो," म्हणतात आणि शेजारच्या रानात जातात.