सेंट अँथनीची पोरं

मंडळी, बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, मैदानावर फार तर शिट्टी फुंकली. तरी आज एका बास्केटबॉलच्या शाळेबद्दल लिहितोय.

आमचे चिरंजीव जर्सी सिटीत असतात. तिथल्या न्यूअर्क अव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकानं आहेत, किराणा, मिठाई, साड्या, काय हवं ते. त्याच रस्त्यानं बरंच पुढे चालत गेलं की व्हाइट ईगल हॉल लागतो. पोलंडहून आलेल्या लोकांनी १९१० साली बांधलेला. सेंट अँथनी हायस्कूलची पोरं तिथे सराव करायची, कारण शाळेला स्वतःचा खेळाचा हॉलच नव्हता! बरं, हा हॉलसुद्धा बिंगो खेळायचा.

शाळा १९५२ ची, कॅथलिक, फेलिशियन सिस्टर्सनी चालवलेली. शेवटी शेवटी पट दोनशेच्याही खाली होता. आणि या एवढ्याशा शाळेनं राज्याची २८ अजिंक्यपदं मिळवली. १९८९, १९९६, २००८ आणि २०११ साली तर देशात पहिला नंबर! प्रशिक्षक बॉब हर्ली १९७२ पासून अखेरपर्यंत तिथेच. पोटापाण्याची नोकरी प्रोबेशन अधिकाऱ्याची. म्हणजे दिवसा गुन्ह्यात सापडलेल्यांना सांभाळायचं आणि संध्याकाळी पोरं त्या वाटेला जाऊ नयेत म्हणून राबायचं. कॉलेजांची बोलावणी आली तरी हा गृहस्थ हलला नाही. २०१० साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. शालेय प्रशिक्षकांना हा मान फार क्वचित मिळतो. (त्याच्या धाकट्या मुलानं, डॅन हर्लीनं, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं कनेक्टिकट विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं. तोही याच शाळेचा.)

मला मात्र या चषकांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटतं. ही पोरं गरिबाघरची. त्यातली दीडशेहून जास्त शिष्यवृत्तीवर मोठ्या कॉलेजांत खेळायला गेली. खेळात नसलेल्यांनाही कॉलेजला धाडण्यावर शाळेचा कटाक्ष होता. त्यांची नावं पेपरात आली नाहीत, येणारही नाहीत.

आणि तरी २०१७ च्या जूनमध्ये शाळा बंद झाली. पैसा नाही!

आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार देतं. तिथे खाजगी शाळेला तसं काही नाही. पूर्वी अशा शाळा चालायच्या त्या सिस्टर्सच्या जिवावर. त्या जवळजवळ फुकट शिकवायच्या. पुढे सिस्टर्स कमी होत गेल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, आणि ज्या कुटुंबांसाठी शाळा काढली ती उपनगरांत निघून गेली. उरलेल्यांना फी परवडेना. मग दरवर्षी देणग्यांसाठी वणवण. त्यात हर्ली स्वतः पुढे असायचा. लोक म्हणतात खेळानं शाळा वाचली नाही. मला उलट वाटतं. संघ नसता तर ती कितीतरी आधी बंद पडली असती, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

हे मी ठामपणे लिहितोय कारण असं बंद पडणं जवळून पाहिलंय. आमच्या शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात दरवर्षी पहिला यायचा. हार-तुरे व्हायचे, फोटो निघायचे. पण पटसंख्या घसरली तसे पाचवी-सहावीचे वर्ग गेले, आणि संघ बनवायला नऊ मुली आणि वर राखीव जमेनात. हार घालणाऱ्यांपैकी एकाचाही मुलगा आमच्या शाळेत नव्हता. असो.

व्हाइट ईगल हॉल डागडुजी होऊन २०१७ च्याच मे महिन्यात पुन्हा उघडला, गाण्याच्या कार्यक्रमांसाठी. शाळेचा शेवटचा वर्ग सुटायला तेव्हा महिनाभर बाकी होता. खालच्या वर्गातल्या मुलांनी पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या शाळा शोधायला घेतल्या होत्या.