ईएसआयचं कार्ड

आबा मुंबईत एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात सव्वीस वर्षं होते. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर गेले की छाती आवळायची, आठवडा सरता सरता जरा सैल व्हायची. आम्ही त्याला दमाच म्हणत राहिलो. कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते मस्टरवर होते. मग नोकरी सोडून लांज्याजवळच्या गावी आले.

दावा रत्नागिरीत लावला. 1995 साली नुकसानभरपाईच्या कायद्यात दुरुस्ती झाली होती. कामगार राहतो तिथल्या आयुक्तांपुढेही अर्ज करता येत होता. रत्नागिरीपर्यंतची एसटी आबांना सोसायची. मुंबईला जावं लागणार नाही म्हणून आईनं देवापुढे नारळ ठेवला.

गिरणीच्या वकिलांनी एकच मुद्दा काढला. कामगार ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, विमेदार आहे, आणि त्या कायद्याच्या कलम 53 प्रमाणे विमेदाराला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. पुरावा आम्हीच दिला होता. आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं जपलेलं ईएसआयचं कार्ड, नोकरीचा दाखला म्हणून मीच अर्जाला जोडलं होतं.

म्हणजे मागायचं ते ईएसआयकडेच, आणि ईएसआयच्या वादांसाठी वेगळं न्यायालय असतं. तिथे राहतं गाव धरत नव्हते. तेव्हाचं कलम 76 म्हणायचं, वाद उभा राहिला तेव्हा कामगार जिथे कामाला होता, तिथलं न्यायालय. म्हणजे मुंबईच. मला हे आजही पटत नाही. यंत्रात बोट गेलं तर जागा दाखवता येते. धूळ माणूस छातीत घेऊन घरी येतो. आबांना दम लागायचा तो आमच्या विहिरीच्या वाटेवर. एका कायद्यानं राहत्या गावाचा विचार केला होता, दुसऱ्यानं केला नव्हता, आणि आमच्या वाट्याला दुसरा आला.

रत्नागिरीचा अर्ज निकाली निघेपर्यंत चौदा महिने गेले. एवढ्या तारखांत आबांच्या फुप्फुसांबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही.

मुंबईच्या न्यायालयाचा जिना त्यांनी तीनदा बसत चढला. तिथे आमच्या वकीलसाहेबांनी सांगितलं, अपंगत्व आहे का आणि किती, हे आधी वैद्यकीय मंडळ ठरवणार. मग न्यायालय पुढे ऐकणार. तसा आदेश झाला. बाहेर बाकावर टेकून आबांनी श्वास गोळा केला आणि वकीलसाहेबांना विचारलं, "म्हणजे आता छाती बघतील?"