एक रुपयाची लाज

दिवाळीला घरी गेले, तेव्हा बाबांच्या पासबुकात एन्ट्री मारून आणायचं काम माझ्याकडे आलं. बघते तर सलग सात महिने, दर महिन्याला २९९ रुपये गेलेले.

“हे कसले पैसे, बाबा?”

“असतील कसले तरी,” टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले.

मी फोन मागितला. त्यांनी तो द्यायला जो वेळ लावला, त्यातच मला कळलं की त्यांना माहीत आहे.

शुगर कमी करायच्या आहाराचं ॲप होतं. पहिला आठवडा एक रुपयात. त्या रुपयासाठी यूपीआय पिन टाकला, तेव्हाच दर महिन्याला पैसे कापायची परवानगीही दिली गेली. ऑटोपे. आठवड्याभरात बाबांनी ॲप काढून टाकलं. त्यांना वाटलं, संपलं. पण ॲप काढलं म्हणून ऑटोपे थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायचा, पण तो इंग्रजीत. त्यांना ती जाहिरात वाटायची.

“चौथ्या महिन्यात लक्षात आलं. ॲप परत घेऊन बघितलं, जमेना. म्हटलं, तुला काय सांगायचं?”

बाबा पतसंस्थेत कॅशियर होते. दहा पैशांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत घरी न येणारे.

मी ॲप उघडलं. मेंबरशिप बंद करायची सोय सेटिंगमध्ये पार तळाशी. तिथे मोठं हिरवं बटण, ‘चालू ठेवा’. त्याखाली फिकट अक्षरांत, ‘नको, मला माझ्या तब्येतीची पर्वा नाही’.

“ते दाबवेना,” बाबा म्हणाले.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखाली ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ ‘डार्क पॅटर्न’ची यादी काढली आणि त्यांवर बंदी घातली. बाहेर पडायची वाट लपवणं म्हणजे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. आणि गिऱ्हाईकाला लाज वाटायला लावून नको ते करायला लावणं, त्यालाही नाव आहे, ‘कन्फर्म शेमिंग’. मी बाबांना ते मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, “म्हणजे असं बटण ठेवणंच चूक आहे?”

“हो.”

त्यांनी टीव्ही बंद केला.

त्यांच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी रद्द केली. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०९३ रुपये परत येतील की नाही, बघू.

रात्री सहज माझ्या फोनमधली यादी उघडली. तीन ऑटोपे चालू. त्यातलं एक, वर्षभर न उघडलेल्या भाषा शिकवणाऱ्या ॲपचं. क्षणभर वाटलं, गुपचूप बंद करून टाकावं. मग फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

बाबांनी चष्मा लावला, वही-पेन घेतलं.

“हं, सांग. कधीपासून, किती?”