आवेरो : खाडीकाठचे एक नगर

पोर्तुगीज हे नाव ऐकताच महाराष्ट्रीय माणसास वसईचा किल्ला आणि गोमंतक आठवावे, हे साहजिकच आहे. परंतु त्या लोकांचा स्वदेश पाहण्याचा योग आपणांपैकी थोड्यांसच येतो. पोर्तो शहराच्या दक्षिणेस, आगगाडीने सुमारे तासाभराच्या वाटेवर, आवेरो नावाचे नगर आहे. तेथे आम्ही दोन दिवस राहिलो, त्याची ही हकीकत.

या नगरास ‘पोर्तुगालचे व्हेनिस’ म्हणण्याचा प्रघात आहे. मध्यवस्तीतून खाडीच्या पाण्याचे कालवे गेले आहेत, काठावर रंगीत घरे आहेत आणि पाण्यावर ‘मोलिसेरो’ नावाच्या होड्या डोलत असतात. होडीची नाळ हंसाच्या मानेसारखी उंच वळलेली असून तीवर भडक रंगांत चित्रे काढलेली असतात. कोठे साधुसंत, कोठे राजे, तर कोठे वडीलधाऱ्यांसमोर वाचून दाखविण्यास संकोच वाटावा असे विनोद !

परंतु या होड्या सहलीकरिता जन्मास आलेल्या नाहीत. खाडीच्या तळचे शेवाळ व पाणवनस्पती ओढून काढून रेताड शेतांस खत म्हणून पुरविणे, हे त्यांचे मूळ काम. रासायनिक खते आली आणि ते काम संपले; आता त्या प्रवाशांस फिरवितात.

कालव्यांपलीकडे मिठागरे आहेत. पेण-उरणकडील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ती परकी वाटणार नाहीत. उथळ वाफ्यांत खारे पाणी घ्यावयाचे, ते उन्हावाऱ्याने आटू द्यावयाचे आणि मीठ ओढून त्याचे ढीग लावावयाचे, हीच रीत. इ. स. ९५९ च्या एका दानपत्रात येथील मिठागरांचा उल्लेख आहे. आज मात्र त्यांपैकी थोडीच चालू आहेत.

या नगराने एकदा मरणही पाहिले आहे. १५७५ साली मोठे वादळ होऊन खाडीचे मुख वाळूने बुजू लागले. गलबते येईनाशी झाली, पाणी कुजले, रोगराई पसरली आणि लोक गाव सोडून गेले. अखेर १८०८ साली समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले, तेव्हा नगरात पुन्हा जीव आला.

येथील येशूच्या मठात राजकन्या जोआना १४७२ साली राजवैभव सोडून राहावयास आली. १४९० साली तिने तेथेच देह ठेवला. मठाचे आता संग्रहालय झाले आहे. मठवासिनींचे अंड्याचा बलक व साखर यांचे पक्वान्न मात्र शिंपल्यांच्या आकाराच्या पातळ पापुद्र्यात भरून दुकानोदुकानी विकले जाते. आमच्यापैकी ज्यांस अंडे वर्ज्य, त्यांनी ते डोळ्यांनीच चाखले.

मठ गेला, मिठाई राहिली. शेवाळाचा धंदा गेला, होडी राहिली. हे बरे की वाईट, याविषयी आमच्यात एकमत झाले नाही. तथापि जो प्रवासी केवळ होडीत बसून परततो, त्यास आवेरोची शोभा दिसते, आवेरो दिसत नाही. ती शोभा कष्टांतून उपजलेली आहे. म्हणून तेथे जाणाराने एक सायंकाळ तरी मिठागरांच्या बांधावरून पायी चालावे, अशी आमची शिफारस आहे.