४८ व्होल्टचे भूत

उर्दू शाळेत मराठी शिकवताना आमचा निम्मा वेळ आवाज शोधण्यात जातो. मधल्या सुट्टीत छप्पर उडवणारी मुले मराठीच्या तासाला उभी केली की त्यांचा आवाज घशातच बसतो. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. तिन्ही भाषा मुलांच्या तोंडी आहेत. पण 'ळ' किंवा 'ण' आला की मुले आधी आजूबाजूला पाहतात. कोणी हसत तर नाही ना?

एका वाचनस्पर्धेत आमच्या सातवीतल्या मुलीने उत्तम वाचले. "अगं, मराठी चांगलं बोलतेस की!" परीक्षक म्हणाले. कौतुकच होते ते. पण त्या 'की'मध्ये जे आश्चर्य होते, ते तिला नेमके कळले. त्यानंतर ती व्यासपीठावर चढायला तयार होईना. तिचा आवाज मुळातच हलका, त्यात हे.

आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवले की पाठ मुलांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायचे. मंडईमागे एक छोटा स्टुडिओ आहे. तिथे नात, कव्वाली आणि निवडणुकीच्या रिक्षांवरच्या जाहिराती रेकॉर्ड होतात. तिची अम्मी बुरख्याच्या खिशात खडीसाखर घेऊन सोबत आली.

परिपाठाला आमच्याकडे असतो तो डायनॅमिक माईक. त्यात चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. आवाजाने वेटोळे हलते आणि त्यातूनच वीज तयार होते. बाहेरून काही द्यावे लागत नाही. मात्र बोलणाऱ्याने जवळ येऊन दणक्यात बोलावे लागते. दबकत बोलणारे मूल अशा माईकसमोर हरवून जाते. स्टुडिओवाल्या दादांनी तिच्यासाठी दुसरा माईक लावला, कंडेन्सर. त्यात धातूच्या पट्टीसमोर अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. नुसत्या श्वासानेही तो थरथरतो. पण त्या थरथरीतून निघणारा संकेत इतका नाजूक असतो की लांब तारेतून तो तसाच जाऊ शकत नाही. त्याला सांभाळून पुढे पाठवणारे एक छोटे सर्किट माईकच्या आतच बसवलेले असते आणि त्या सर्किटला वीज लागते.

दादांनी आधी तार जोडली, आवाजाची पट्टी खाली ओढली आणि मगच '४८' लिहिलेले बटण दाबले. क्रम चुकला तर स्पीकरमध्ये धाडकन ठोका बसतो म्हणाले. या विजेचे नाव फॅन्टम पॉवर. म्हणजे भूत! मुले खुदखुदली. आमच्यातल्या एका सरांना इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवला.

हे नाव मात्र सार्थ आहे. माईकच्या तारेत आत दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती जाळीचे वेष्टन. मिक्सर त्या दोन तारांमधला फक्त फरक उचलतो. तो फरक म्हणजेच आवाज. ४८ व्होल्ट दोन्ही तारांवर सारखेच चढवतात, प्रत्येकीला ६,८०० ओहमच्या रोधातून, आणि परतीची वाट त्या वेष्टनातून असते. दोन्हीकडे सारखेच, म्हणजे फरक शून्य. वीज त्याच तारेतून माईककडे जाते, आवाज त्याच तारेतून परत येतो आणि ऐकणाऱ्याला विजेचा पत्ताही लागत नाही. रोध एकमेकांशी जुळलेले नसतील तर बाहेरची गुणगुण आवाजात शिरते. एका तारेचा सांधा सैल असेल तर खरखर सुरू होते.

४८ हाच आकडा का, याचीही गंमत आहे. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ हा माईक बनवला. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीपासूनच फिरवलेली होती. तीच माईकला दिली. त्याआधी व्हॉल्व्हच्या माईकला वेगळी पेटी आणि जाड तार लागे. अंधारात दिवा लावण्यासाठी ठेवलेली वीज अशी आवाजाच्या कामी आली आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला.

शिक्षकाच्या कामाचा यापेक्षा नेमका दाखला आम्हाला बी.एड.च्या पुस्तकांतही भेटला नव्हता. हलक्या आवाजाच्या मुलाला "मोठ्याने बोल" म्हणून दटावण्यात काय हशील? त्याला ऐकणारा नाजूक पडदा हवा आणि मागून ताकद हवी; पण त्या ताकदीने स्वतः वाजायचे नाही. आमच्या मुलांकडे उर्दू आणि मराठी अशा दोन तारा आहेत. उर्दूला घरचा मान आणि मराठीला नुसते परीक्षेचे भय, किंवा मराठीची शाबासकी आणि उर्दूची लाज, असे झाले की खरखर येणारच. दोन्ही भाषांना सारखे बळ मिळाले, तर ऐकू येते ते फक्त मूल.

मुलगी वाचू लागली. आम्ही काचेपलीकडे गप्प होतो. अम्मीचे ओठ हलत होते. ती दुआ माईकपर्यंत गेली नाही. पानाची सळसळ, गिळलेला आवंढा, मग एक स्वच्छ 'ळ'. हेडफोनवर सारे लख्ख ऐकू आले.

आता ते पाठ पाचवीच्या वर्गात लावतो. "मिस, या मराठी बाई कोण?" एका मुलाने विचारले. "आपल्या सातवीतली बाजी," आम्ही म्हणालो. त्याने डोळे मोठे केले आणि पुन्हा लावायला सांगितले.