दोन नांगर

आमच्या नगर जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध तसा काहीच नाही. पाऊस समुद्रावरून येतो हे खरे. पण सह्याद्री ओलांडताना तो अकोले तालुक्यातच बहुतेक सारा रिता होतो आणि शेवगाव-पाथर्डीकडे पोहोचेतो त्याच्यापाशी द्यायला फारसे काही उरलेले नसते. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला नांगर ठाऊक असतो तो एकच. लाकडी खोड, त्याला लोखंडी फाळ, लांबलचक हाळीस आणि पुढे बैलांच्या मानेवर जू. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात ‘जहाजाने बंदरात नांगर टाकला’ असे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ विचारात पडलो होतो. पाणी नांगरून हे लोक त्यात पेरतात तरी काय?

पुढे शब्दांच्या कुळी शोधण्याचा नाद लागला आणि कळले की शेतातला नांगर संस्कृत ‘लांगला’चा वंशज, तर गलबतावरचा फारशी ‘लंगरा’चा भाऊबंद. दोन निरनिराळ्या घराण्यांतली माणसे मराठीत येऊन एकाच नावाने राहू लागली, एवढाच या प्रकाराचा अर्थ मी बरीच वर्षे समजत होतो. भाषेत असे योगायोग पुष्कळ असतात. परंतु माझ्या धाकट्या बहिणीच्या चिरंजीवांनी मोटारबोट घेतली, आणि या योगायोगाकडे मला पुन्हा एकवार पाहावे लागले.

२०१७ च्या मार्चात मुंबईस मरीन ड्राइव्हसमोर वेगवान मोटारबोटींच्या शर्यती झाल्या होत्या. त्या पाहिल्यापासून आमच्या भाच्याच्या डोक्यात जे वारे शिरले, त्याची परिणती काही वर्षांनी या खरेदीत झाली. बोट २८ फुटी, मागे ३०० अश्वशक्तीची दोन इंजिने, आणि वेग ताशी ५० सागरी मैलांहून अधिक. अशी बोट पाण्यातून जात नाही, पाण्यावरून जाते. तिचा पाठीमागचा तेवढा भाग पाण्याला टेकलेला असतो. म्हणून तिच्या मालकाला वजनाचा मोठा तिटकारा. आमच्या भाच्याने बैठकींच्या गाद्यासुद्धा घरी नेऊन ठेवल्या होत्या. आम्ही बरोबर घेतलेल्या जेवणाच्या डब्याकडेही तो संशयाने पाहत असे.

या तिटकाऱ्याचा पहिला बळी अर्थातच नांगर. जी वस्तू बोट थांबविण्याच्या कामाची, ती पळविण्याच्या वेडात कोणाला हवीशी वाटणार? बोटीबरोबर विकणाऱ्याने दिलेला एक दीड किलोचा, छत्रीसारखा मिटणारा चार काट्यांचा नांगर मागच्या बैठकीखाली पडून होता. त्याच्यावर जीवरक्षक जाकिटे, त्यांच्यावर दोरखंडे आणि त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्या.

मांडव्याहून निघून थोडे दक्षिणेकडे गेलो असताना एके सकाळी दोन्ही इंजिने एकापाठोपाठ बंद पडली. इंधनात पाणी शिरले होते, हे मागाहून समजले. ओहोटी जोरात होती आणि ती आम्हांला थळच्या बाजूच्या खडकांकडे नेऊ लागली. सहाशे अश्वांपैकी एकही जागचा हलेना. मग नांगराचा शोध सुरू झाला. जाकिटे उपसली, बाटल्या गडगडल्या, दोराचा गुंता निघेना. तेवढ्यात खडकांवरचा पांढरा फेस वेगळा दिसू लागला होता. अखेर नांगर पडला. पाणी चार वाव, म्हणजे २४ फूट. दोर अवघा ६० फूट. तळावरून तो नांगर खडखडत फरफटत येत असल्याचे दोराला हात लावताच कळत होते. बहीण एक शब्द बोलली नाही. तिने फक्त मुलाचा सदरा मागून घट्ट धरला होता. एका कोळ्याच्या होडीने दोर टाकून आम्हांला ओढून नेले. किनाऱ्याला लागल्यावर तिच्या तांडेलाने आमचा नांगर उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला.

त्या दिवाळीस भाचा नगरला आला तो नांगरांची सचित्र माहिती घेऊनच. त्यातल्या एका चित्रापाशी मी थबकलो, कारण तो हुबेहूब आमचा शेतातला नांगर होता! तसाच दोन्ही अंगांना माती सारणारा फाळ, तशीच वरून वाकून आलेली दांडी. केंब्रिजचे थोर गणितज्ञ व पदार्थवैज्ञानिक जेफ्री इंग्रम टेलर यांनी १९३३ साली त्याची रचना केली. टेलरांना शिडाच्या होडीचा नाद होता आणि त्या काळचे जड नांगर ओढून त्यांचे हात दुखत असावेत; परंतु हा नांगर प्रथम कामास आला तो पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना. विमानात शेराशेराचा हिशेब. तेव्हा वजनाने न धरता रुतून धरणारा नांगर हवा होता. ‘सिक्युअर’ या शब्दाच्या उच्चारावरून त्याला सी-क्यू-आर हे नाव पडले. (अशी विमाने आमच्याही दाराशी यायची होती. २०१४ मध्ये मुंबईहून राहुरीजवळच्या मुळा धरणाच्या जलाशयावर ती आणण्याचा घाट घातला गेला, आणि बारगळला.)

नांगर वजनाने धरतो ही समजूत फार जुनी आहे व ती एके काळी खरीही होती. विजयदुर्ग-सिंधुदुर्गाच्या पाण्यात संशोधकांना भोके पाडलेले दगडी नांगर सापडले आहेत. ते मुख्यतः आपल्या भाराने गलबत धरीत. पण रुतणाऱ्या नांगराची गोष्ट निराळी. ती मला पुस्तकापेक्षा आमच्या थोरल्या चुलतभावाने, आण्णांनी, अधिक चांगली समजावून दिली.

आण्णांची निम्मी जमीन जायकवाडीच्या नाथसागराखाली गेली. १९७६ मध्ये ते धरण पुरे झाले. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळात ते गाळपेर करतात. आपल्याच बुडालेल्या शेतात वर्षातून काही महिने पाहुण्यासारखे जाऊन येतात. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला आहे. भाच्याने चित्रे पुढे ठेवून सांगितले, “मोठे मामा, यात दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडायला सांगतात. इतका दोर कशाला?”

आण्णा म्हणाले, “अरे, ओढ वरून बसली की फाळ उपटून येणारच. ओढ जमिनीलगत पाहिजे. तुमची बोट म्हणजे बैल. तो इतका उंच उभा राहिल्यावर हाळीस लांब नको का?”

मी पुष्कळ वाचले होते, पण इतके थोडक्यात कोठेच नव्हते. नांगराला जोडून साखळी लावतात तीही याचसाठी, की दांडी तळाशी आडवी राहावी. मग त्यांनी तळाची चौकशी केली. मुंबईच्या बाजूस चिखल आहे म्हणताच म्हणाले, “वरचा गाळ धरीत नाही. तो ताकासारखा असतो. त्याच्याखालची चिकण माती गाठली पाहिजे. फाळ जरा उभा करता येतो का?”

येतो! १९४० च्या सुमारास रिचर्ड डॅनफर्थ या अमेरिकनाने दोन रुंद, चपट्या पात्यांचा नांगर प्रचारात आणला. दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरविणाऱ्या नौकांवर तो वापरला गेला. त्याच धर्तीचा आजचा नांगर ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा करतात. त्याची पाती एरवी ३२ अंशांत ठेवावी आणि मऊ चिखल असल्यास ४५ अंशांत, अशी त्यात सोय असते. आण्णांच्या प्रश्नाचे उत्तर कारखानदाराने आधीच देऊन ठेवले होते.

माझा ओढा, सांगायला नको, टेलरांच्या नांगराकडे होता. नाव, रूप, कूळ सारे जुळत होते. शिवाय भरती-ओहोटीने प्रवाह फिरला तर तो उपटला जाऊन पुन्हा रुतण्याचा संभव बराच. चपट्या पात्यांच्या नांगरात अशा वेळी एखादा शिंपला वा धोंडा अडकला की तो पुन्हा माती धरीलच असे नाही. रात्र काढायची तर मी त्याच्यावर विसंबणार नाही. पण या बोटीला रात्र काढायची नव्हती. तिला हवा होता अडचणीच्या वेळी चिखलात घट्ट बसणारा, आणि बाकीच्या वेळी पाटासारखा सपाट पडून राहणारा. फाळाचा नांगर कसाही ठेवा, त्याचे एखादे टोक कोठेतरी बोचतेच. तेव्हा भाच्याने चपटा घेतला. वजन तीन किलो. हे वजन ऐकून माझ्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटला, तसाच तो लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर पाहून शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांवर उमटला असेल. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी त्यांची समजूत होती आणि ते पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली होती.

राहिला प्रश्न ठेवण्याचा, आणि खरा वाद तेथेच झाला. भाच्याचे म्हणणे, नाळेकडे वजन नको. वेगात नाक जड झाले की बोट लाटेत घुसते. हे तत्त्वतः बरोबर आहे. पण नांगर मागे ठेवला की तो घाबरलेला माणूस मागूनच टाकतो, आणि अशा बोटीची मागची बाजू इंजिनांच्या भाराने आधीच पाण्यालगत असते. तेथे दोर ताणला गेला की येणारी प्रत्येक लाट आत. नांगर टाकायचा तो नाळेवरूनच. नांगर, दोन मीटर साखळी आणि १५० फूट नायलॉनचा दोर मिळून भार भरतो दहा-अकरा किलो. अडीच टनांच्या बोटीत हा भार म्हणजे एखादे वर्षाचे मूल. त्याने नाक जड होत नाही.

मात्र ते मूल मोकळे सोडता कामा नये. लाटेवरून उडालेली बोट खाली आदळते तेव्हा कप्प्यात सैल पडलेला नांगर हातोड्यासारखा काम करतो व फायबरच्या भिंतीला आतून भोक पाडू शकतो. नाळेवरच्या कप्पीत बाहेर टांगून ठेवण्याची रीत संथ बोटींसाठी आहे. या वेगाला ती घातकच. आम्ही नगरच्या एका सुताराकडून सागवानी खोबणी करून घेतल्या, पात्यांच्या आणि दांडीच्या मापाच्या, आतून रबर लावलेल्या. वरून एका हाताने सुटेल असा पट्टा. साखळी वेगळ्या पिशवीत. दोर वेटोळे न करता एका बादलीत नुसता सोडत गेलेला, म्हणजे सुटताना गुंता होत नाही. आणि त्याचे शेवटचे टोक बोटीच्या कडीला कायमचे बांधलेले. त्या कप्प्यावर दुसरे काहीही ठेवायचे नाही, असा बहिणीने दंडक घातला.

मार्गशीर्षात आम्ही पुन्हा मांडव्यास गेलो. भाच्याने अर्धा तास बोट मनसोक्त उडविली, मग कप्पा उघडून दाखविला. नांगर जागचा हलला नव्हता. नंतर त्याने इंजिने स्वतःच बंद केली. मी घड्याळ धरले होते. झाकण उघडल्यापासून नांगर तळाला टेकेपर्यंत अर्धे मिनिटही लागले नाही. दोर सुटत गेला, ताणला, एकदा किंचित थरथरला आणि बोट हळूच वळून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्याच्या मागच्या घराचे कौलारू छप्पर आम्ही एका रेषेत धरून ठेवले होते. दहा मिनिटे ती रेष मोडली नाही, तेव्हा बहिणीने डबा उघडला.